केमचा मुऱ्हाळी

माझ्या आजीला तिच्या भावाला भेटायचं होतं. सोलापूरहून केम, सकाळची पॅसेंजर, काही तासांचा रस्ता. एवढीशी गोष्ट. पण ती अडली, आणि कशी अडली ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

मी तेव्हा सातवीत होते. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. शाळेसाठी मला आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. गिरणीच्या चाळीत एक खोली, खोलीला एक दार, दाराच्या आतच मोरी. आजोबा गिरणीतून सुटून घरी बसले होते आणि आजी तर लग्न झाल्यापासून त्या खोलीतच होती. दिवाळीला आजोबांच्या मागं चार पावलं अंतर ठेवून नवी पेठेत जायची, लुगडं घ्यायची आणि परत. बाकी वर्षभर चूल, मोरी आणि शेजारच्या तेलुगू बाईशी दारातून गप्पा. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. या खोलीतून आजी सुटायची ती फक्त नागपंचमीला. धाकटा भाऊ केमहून तिला न्यायला यायचा.

माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती. न्यायला येतो तो मुऱ्हाळी. साठीला टेकलेल्या, नातवंडांच्या बाईला कशाला हवा मुऱ्हाळी, असं मी चिडवायचे. पण त्यामागं एक जुनं दुखणं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आजी ओळखीच्या एका बाईबरोबर अशीच माहेरी गेली होती. न्यायला कुणी गेलं नव्हतं, म्हणजे नवऱ्यानं हाकलली, असं गावानं ठरवून टाकलं. तिच्या वडिलांनी दोन वर्षं आजोबांचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून आजोबांनी मनाशी पक्कं केलं, की हिच्याकडे पुन्हा कुणी बोट दाखवता कामा नये. मुऱ्हाळ्याशिवाय हिला पाठवायचं नाही. म्हणजे दार लावलं ते मायेनंच, पण लावलं.

त्या वर्षी पंचमी आली आणि भाऊ आला नाही. पोस्टकार्ड आलं. आजोबांनी ते मोठ्यानं वाचलं. तब्येत बरी नाही, बरा झालो की अक्काला न्यायला येतो. बस, एवढंच. भावाला मुलगा नव्हता, मुली आपापल्या सासरी. त्याच्याशिवाय न्यायला येणारं दुसरं कुणीच नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. तरी तो तिकडे बरं होण्याची वाट बघत राहिला आणि ही दोघं इकडे त्याची.

आजीनं पिशवी भरून खुंटीला टांगली. भाकऱ्या थापताना मधेच उठून दारात जायची, बोळाच्या तोंडापर्यंत बघायची आणि परत चुलीशी येऊन बसायची. पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड आलं. भावानं अंथरूण धरलं होतं.

“आजी, आपण दोघीच जाऊ की,” मी म्हणाले.

“कुनी न्यायाला आलं न्हाय, तर जायाचं कसं? लोक काय म्हंतील तुज्या आजोबाला?”

मग मी आजोबांना गाठलं. ते म्हणाले, “या वयात तिला टाकली म्हनून घ्यायाचं व्हय?”

आजी त्यांच्या अब्रूसाठी अडलेली आणि ते तिच्या. मला दोघांचाही असा राग आला, की त्या दिवशी मी जेवले नाही. त्या खोलीत माझाच जीव कोंडायला लागला होता.

मग एके दिवशी सकाळी आजोबांनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली आणि “जरा जाऊन येतो” म्हणून बाहेर पडले. दिवसभर पत्ता नाही. दिवेलागणीच्या सुमारास आले आणि दारातच थांबले, आत येईनात. आजी म्हणाली, “अवो, असं उबं का ऱ्हायलात?”

“केमास्नं आलोय,” आजोबा म्हणाले. “तुला न्यायाला. तुज्या भावानं मला मुऱ्हाळी केलंय.”

आजीला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं तांब्या भरून दिला. मुऱ्हाळ्याला द्यायचा तसा, पाय धुवायला. आजोबांनी स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यात पाहुण्यासारखे पाय धुतले. तिनं शेवयांची खीर केली. स्वतःच्या नवऱ्याला “बसा पावनं” म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या दोघांना इतकं सुखात मी कधीच पाहिलं नव्हतं. मलाही वाटलं, काय डोकं चालवलं आजोबांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं निघालो. केमच्या स्टेशनवरून चालत गावात शिरलो, तर भावाच्या घराकडून रडणं ऐकू आलं. तो पहाटेच गेला होता.

आदल्या दिवशी आजोबांनी आजीला बरोबर नेलं असतं, तर भेट झाली असती. एवढं सरळ होतं. पण न्यायला येणारा माणूस आधी माहेरून निघायला हवा ना. म्हणून ते एकटे गेले, परवानगी घेतली आणि एकटे परत आले.

दहावा झाल्यावर विहिरीवर धुणं धुताना आजीनं मला सांगितलं. तिच्या भावजयीनं तिला सांगितलं होतं, की तो गेला त्याच्या आदल्या दिवशी आजोबांना बघून भावानं पहिलं हेच विचारलं, “दाजी, अक्काला का न्हाय आनलं?” आजी म्हणाली, “मला ठावं हाय ह्ये तुज्या आजोबाला सांगू नगंस. झुरून मरतील त्ये.” मी शपथ घेतली.

सोलापूरला परतल्यावर महिन्याभरानं, मला शाळेत सोडायला जाताना, आजोबांनी भावाचं तेच वाक्य मला सांगितलं. बोलता बोलता रस्त्यात थांबले आणि उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, “तिला म्या सांगितलंय, मुऱ्हाळी हो म्हनला आन् झोपला, दुसरं काय बोलला न्हाय. तू बोलू नगंस. तिला सोसायचं न्हाय.” त्यांच्यापुढेही मी शपथ घेतली.

पुढची कितीतरी वर्षं दर पंचमीला आजी ताट वाढताना विचारायची, “काय म्हनला हो माजा भाऊ त्या दिशी?”

“मुऱ्हाळी हो म्हनला आन् झोपला गं,” आजोबा म्हणायचे.

“बरं,” आजी म्हणायची आणि त्यांना भाकरी वाढायची. सगळं ठाऊक असून ती का विचारायची, ते मला आजही धड कळत नाही. कदाचित भावाचे ते शब्द ज्यांनी ऐकले, त्यांच्याच तोंडून तिला एकदा ऐकायचे होते. मी दोघांच्या मधे बसलेली असायचे. मान वर केली तर तोंडातून निघून जाईल, म्हणून ताटातच बघत जेवायचे.

आजोबांना एक वाक्य सांगायचं होतं. तिला ठाऊक आहे, एवढंच. दोघंही सुटली असती. पण मी शपथ घेतली होती, आणि घेतलेली शपथ मोडायची नाही हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. आधी आजी गेली, मग आजोबा. मी शेवटपर्यंत बोलले नाही.