उजवा फरा

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आत्या माझ्या पाठीला तेल चोळत होती. मी आठवीत होते. खांद्यामागच्या हाडापाशी तिचा हात थांबला.

"अगं, तुझा उजवा फरा वर आलाय की! सरळ बस बघू."

मी सरळच बसले होते.

घरात दोष दप्तरावर आला. "लई पुस्तकं त्या कॉन्व्हेंटात. पोरगी एका अंगाला वाकली," आत्या म्हणाली. मला त्या शाळेत घालायचा हट्ट अप्पांचा, माझ्या वडिलांचा होता. सुट्टी संपल्यावर ते माझं दप्तर सायकलला अडकवून रोज शाळेच्या फाटकापर्यंत येऊ लागले. मग उशिरा चादरीच्या दुकानात कामाला जायचे. मुली हसायच्या. वर्षभर मी त्यांच्या मागून रिकाम्या हातांनी चालले, आणि युनिफॉर्मचा घेर एका बाजूने वर चढत राहिला.

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तो खिडकीशी धरून ते आधी माझ्याशी इंग्रजीत बोलले. 'स्कोलिओसिस' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग अप्पांना म्हणाले, "कणा बाजूला वळलाय, आणि वळताना पिळलाय. म्हणून बरगड्या मागे येऊन फरा उचललेला दिसतो. दप्तरानं असं होत नाही. वाढीच्या वयात काही मुलींना होतं. का, ते सांगता येत नाही."

"पण दप्तर तर मी…" अप्पा म्हणाले.

"मागच्या वर्षी आणली असती तर अंगाला पट्टा लावून बाक वाढायचा थांबवता आला असता, कदाचित. आता वाढ संपत आलीय."

अप्पांकडे मला बघवेना. दोष दप्तराचा निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ते उचलता तरी येत होतं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हिला धाकटी बहीण आहे का? कधी कधी एकाच घरात दोघींना होतं. अधूनमधून तिला पुढं वाकवून मागून पाठ बघत जा. एक बाजू उंच दिसली तर लगेच आणा."

घरी अप्पांनी दहा वर्षांच्या बहिणीला वाकायला सांगितलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभे राहिले. "तू बघ. डॉक्टरांचं इंग्रजी तुलाच कळलंय."

तिची उजवी बाजू मला जरा वर वाटली. मग नाही वाटली. तिने पाय हलवला, पुन्हा वाटली.

"अक्का, आटप की! माझ्या पाठीवर अभ्यास करतीस व्हय?"

"सारखी आहे," मी म्हणाले.

"नक्की?" अप्पांनी वळून विचारलं.

मी तिच्या फ्रॉकची बटणं लावत राहिले.