पातेल्याजवळची जागा

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका विक्रीसाठी पिरोहे करायला जमत, आणि कोणी कुठे उभं राहायचं हे तिथे बायबलात लिहून ठेवल्यासारखं पक्कं होतं. नव्या सुनांनी बटाटे सोलायचे. दहा-बारा वर्षं सोलले की पीठ लाटायला मिळे, मग सारण भरून कडा दाबायला. आणि अगदी शेवटी, नशिबात असलंच, तर पातेलं. ते चुलीवर चढवलं की त्याचा काठ ठेंगण्या झेन्या हावरिलुकच्या काखेशी येई, पण एकोणीस वर्षं ते तिचंच होतं. करंजीसारखे दिसणारे पिरोहे उकळत्या पाण्यात सोडायचे, तळाला चिकटू द्यायचे नाहीत, आणि तरंगले की लांब दांड्याच्या झाऱ्याने अलगद उपसायचे. एक फुटला तरी सगळं पाणी गढूळ. झेन्याच्या हातून फुटत नसे. हे तिला ठाऊक होतं आणि इतर कुणी विसरणार नाही याची ती जातीने काळजी घेई.

मार्चमध्ये रिजायना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झेन्याचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठींसकट. गावाने रीतसर माया केली. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात घरात इतका आला, की तिचा नवरा निक म्हणाला, "आणखी चार दिवस हेच खाल्लं तर मलाच पानं फुटतील." महिन्याभरात डबे आटले. आजारी माणसाने एक तर लवकर मरावं नाहीतर लवकर बरं व्हावं, लोकांना मध्ये लटकलेलं चालत नाही.

मे महिन्यात स्टेफामावशी बीटाचं सार घेऊन आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई तळघराची सर्वेसर्वा.

"पातेल्याचा घोर लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "ओरीसिया बघतेय. तू आता दाराशी टेबलापाशी बस, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गोड बोल."

"मी कधी कुणाशी गोड बोललेय?"

"नाही ना? मग शिक की आता. वेळच वेळ आहे तुला."

ओरीसिया म्हणजे मावशीची भाचेसून. चाळिशीची, सदा हसतमुख, आणि घाण्यामागे दोन पिरोहे फोडणारी. झेन्याला स्तन गेल्याचं रडू आलं नव्हतं. ते ओरीसियाचं नाव ऐकून आलं, आणि आल्याबद्दल तिला स्वतःचाच संताप आला.

"नाताळच्या विक्रीला मी पातेल्याशी उभी राहणार," ती म्हणाली.

"भरलेला झारा खांद्याच्या वर उचलून दाखव. मग बघू."

झेन्या कामाला लागली. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. तिने जागा निवडली स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीची, जिथे तिच्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहिल्या दिवशी तिची बोटं दोन वर्षांच्या तान्याच्या खुणेपर्यंत पोचली आणि काखेत सुतळी ताणल्यासारखी कळ आली. जूनमध्ये ती चार वर्षांच्या मार्कोला भेटली. सप्टेंबरात त्याच्या नववीच्या रेघेवर बोट टेकलं, तेव्हा निकने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतोस? मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" ती खेकसली, पण त्या रात्री त्याच्या आवडीचं डुकराचं मटण केलं.

हात वर जाऊ लागला. फक्त तो तिचा राहिला नव्हता. दंडाची आतली बाजू, काखेपासून कोपराच्या वरपर्यंत, दुसऱ्याच कुणाची कातडी आणून शिवल्यासारखी झाली होती. खाजवलं तर नखांना कळे, कातडीला नाही, आणि खाज मात्र आत कुठेतरी तशीच चालू. दवाखान्यातल्या नर्सने पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "दंडाच्या या भागावर भरवसा ठेवायचा नाही. गरम-गार कळणार नाही. भाजलं, चिघळलं तर अख्खा हात सुजेल. चुलीशी जपून." तसा छापील कागदही दिला होता. झेन्याने तो ड्रॉवरमध्ये चहाच्या फडक्यांखाली सरकवला. दुखणं तिने सगळ्यांना सांगितलं, कारण दुखणं बरं होतं. ही बधिरता तिने निकलाही सांगितली नाही. जिला कळतच नाही, तिच्या हाती उकळतं पातेलं कोण देईल?

डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी तिने सगळ्यांसमोर भरलेला झारा खांद्याच्या वर उचलला. एकही पिरोहा सांडला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी ती खेकसली नाही.

"हात दाखवून अवलक्षण करू नकोस म्हणजे झालं," मावशी पुटपुटली. "घे पातेलं."

त्यानंतरचा तासभर झेन्याच्या आयुष्यातला फार सुखाचा होता. चेहऱ्यावर वाफ, शेजारच्या कढईत लोण्यावर परतला जाणारा कांदा, बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळलेल्या. पाचव्या घाण्याला काही पिरोहे तळाशी बसले. तिने वाकून, दंड काठावर टेकून, झारा खोल घातला आणि सावकाश तळ खरवडला. एकही फुटला नाही. ती गालातल्या गालात हसली.

"काहीतरी जळतंय," ओरीसिया म्हणाली.

"तुझा कांदा असेल."

"कांदा नाही. झेन्या! अगं, तुझा हात!"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथे जळत होतं झेन्याचं आणि किंचाळत होती ओरीसिया. बायका धावल्या. दंडाच्या आत काठाची लांब लाल रेघ उमटली होती, मधोमध कातडी पांढरी पडून सुटलेली. "आई गं!" एकीने डोळेच मिटले. दुसरीने स्वतःचा दंड घट्ट धरला. एका हातासाठी अख्खं तळघर कळवळलं, जिचा हात ती सोडून.

मावशीने तिला ओढत नळाशी नेलं, दंड खालून धरला आणि त्यावर गार पाणी सोडलं.

"कळलं नाही तुला?"

"न कळायला काय झालं?" झेन्या म्हणाली. "केव्हाचंच कळलं होतं. घाणा अर्धा टाकून कशी येऊ? तुम्ही सगळ्याच म्हणाल्या असतात, जमत नाही हिला."

"दुखतंय?"

"मग काय गुदगुल्या होतायत? हाडापर्यंत कळ जातेय."

झेन्याचं लक्ष पातेल्याकडे होतं. ओरीसियाने झारा उचलला होता आणि ती मूर्ख बाई पाणी ढवळत होती, जसं काही त्यात कपडे भिजवलेत. ते बघवेना म्हणून झेन्याने दात आवळले आणि जरा मोठ्यानेच विव्हळली.

"मावशी, हळू! दाबू नकोस ना, किती झोंबतंय."

उत्तर आलं ते मागून, दोन पावलांवरून.

"मी हात केव्हाच काढलाय, झेन्या."

झेन्याने वळून पाहिलं. मावशी फडक्याला हात पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर झेन्याने भांडून घेतलं असतं.

पलीकडे ओरीसियाच्या झाऱ्यात एक पिरोहा फुटला, लगेच दुसरा. झेन्याने दोन्ही पाहिले. डाव्या हाताने तिने एप्रनची गाठ सोडली आणि दारातल्या टेबलाशी जाऊन बसली.