मुलगा बिब्युलस आहे

मला बघायला आलेली मंडळी कागदाच्या मिलच्या कॉलनीतली होती. मूळची जळगावकडची. मुलाचे वडील मिलच्या लॅबमध्ये कागद तपासता तपासता रिटायर झालेले. मी बऱ्हाणपुरात शाळेत इंग्रजी शिकवते हे त्यांना कळलं होतं, म्हणून माझ्याशी बोलताना ते अधूनमधून एखादा जड इंग्रजी शब्द काढत. आमच्या बाजूने बोलायला मामा होते. त्यांचं इतवारा बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि माणूस उंबरठ्यावरच ओळखतो, असं ते स्वतःबद्दल सांगतात.

मावा जिलेबीच्या बशा फिरल्या. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "आमचा मुलगा लहानपणापासून बिब्युलस आहे बरं का!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण इंग्रजीच्या मॅडमने तसं कसं म्हणायचं? मी हसून मान डोलावली. "अरे वा!"

मामा मोबाईल घेऊन आत गेले आणि दोन मिनिटांत आईला नि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, मामला गडबड आहे. बिब्युलस म्हणजे पिणारा! शौकीन! बाप खुशीत सांगतो आणि ही मुंडी हलवते!"

"लहानपणापासून?" आईने कढईचा कान धरला.

"थांब. मी मुलालाच विचारतो."

बाहेर तेवढ्यात चहा आला होता. मामा मुलाला खेटून बसले आणि हळूच म्हणाले, "घेता का?"

"घेतो ना," मुलगा कपाकडे बघत म्हणाला.

"रोज?"

"उठल्याबरोबर. नाहीतर डोकं दुखतं."

"घरात कोणी रागवत नाही?"

"रागवायचं काय त्यात? आईच बनवते. आम्ही तिघं सोबतच बसतो. तिच्या हाताची चव बाहेर कुठेच नाही."

मामा उठले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा. पोरीचं एवढ्यात करायचंच नाही आम्हाला."

मुलाच्या आईने पदर सावरला आणि ती चपला शोधू लागली. मला राहवलं नाही. मी बाहेर येऊन मुलाच्या वडिलांना सरळच विचारलं, "काका, तुम्ही म्हणालात त्या शब्दाचा अर्थ दारू पिणारा असा निघतोय. खरं काय?"

"दारू?" त्यांनी बशीतला कागदी नॅपकिन उचलला आणि त्याचं टोक चहात बुडवलं. चहा सरसर वर चढला. "याला आम्ही लॅबमध्ये बिब्युलस म्हणायचो. पिऊन घेणारा कागद. जुना टिपकागद असतो ना, तसा. मुलगाही तसाच, एकदा सांगितलं की टिपून घेतो!"

मी मामांच्या हातातून मोबाईल घेतला. त्यांनी पहिली ओळ वाचूनच धाव घेतली होती. खाली सगळं होतं: हे विशेषण मूळ लॅटिनमधलं, 'पिणे' या क्रियापदापासून आलेलं. इंग्रजीत ते आधी शोषून घेणाऱ्या वस्तूंना लागलं. दारुड्यांच्या वाट्याला पुष्कळ नंतर आलं. मी हे अगदी वर्गातल्या आवाजात समजावून सांगितलं, जसं काही मला आधीपासून ठाऊकच होतं.

"मग घरी बनवता ते काय?" मामांचा संशय अजून शिल्लक होता.

"चहा," मुलगा म्हणाला.

"म्हणजे मी घरात भट्टी लावते असं वाटलं तुम्हाला?" मुलाच्या आईने विचारलं. मामांनी घाईघाईने जिलेबी तोंडात कोंबली. आधी ती माऊलीच हसू लागली, मग सगळेच.

निघताना मुलाचे वडील दारापाशी मागे रेंगाळले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "बेटा, तू सरळ विचारलंस म्हणून सांगतो. रिटायर झालो तेव्हा मित्रांनी एकदा बिअर पाजली होती. अर्धा ग्लास. फार कडू होती."

मुलाचा विचार मला अजून करायचा होता. सासरा मात्र तिथेच पसंत पडला.