गाठीचे जीन

१४ डिसेंबर. मी आर्णीतलं दादाचं मोटार वाइंडिंगचं दुकान रिकामं करत होते. जळक्या तारा पोत्यात, चांगली अवजारं खोक्यात. माझा थोरला भाऊ सुधाकर लिव्हरच्या कॅन्सरनं जाऊन दीड महिना झाला होता. शेजारचे डोकावून "लई चांगला माणूस होता" म्हणत होते. चांगला होताच. हट्टीही होता.

नागपूरला ऑपरेशन करून गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला पाठवला. गाठीतले कोणते जीन जागे आहेत, त्यावरून आजार परत येईल का याचा अंदाज बांधता येतो, असं ते म्हणाले. रिपोर्ट आला... धोका कमी. दादाला हे लगेच पटलं. जळलेली कॉइल पाहून मोटार पुन्हा जळेल का, हे तोही सांगायचा. रिपोर्ट त्यानं लॅमिनेट करून घेतला आणि दुकानात येईल त्याला दाखवला. डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं होतं. ही गाठ पांढऱ्या काविळीतून, म्हणजे हिपॅटायटिस बी मधून झाली, ती घरातल्यांना लागू शकते, सगळ्यांचं रक्त तपासा. मी त्याच आठवड्यात तपासलं. नव्हती, लस घेतली. राहिली त्याची एकुलती एक, बिनआईची पोरगी पल्लवी. तिचं लग्न नेरला ठरलं होतं.

"पोरीचं रक्त कधी देतं?" मी विचारलं.

"लग्न होऊ दे. कायले बोभाटा करतं, शोभे?"

पल्लवी बापाच्या शब्दाबाहेर नव्हती.

नेरचे लोक त्याला पाहायला आले. दादानं हौसेनं रिपोर्ट पुढे केला. मुलाच्या वडिलांचं बोट एका शब्दावर थांबलं. "जीन म्हंजे खानदानातलं ना?"

"नाही जी. ते गाठीतले. माह्यावाले नाही."

"गाठ तं तुमचीच होती ना?"

हे बदल गाठीपुरतेच, पोरीत उतरत नाहीत, हे मी समजावलं, त्यांनी मान डोलावली. चहाचे कप भरलेलेच राहिले. चार दिवसांनी फोनवर लग्न मोडलं. जी काळजी खरी होती ती आम्ही लपवली आणि ज्यात काही नव्हतं त्यावरून पोरगी नाकारली गेली.

वर्षाच्या आत उरलेल्या लिव्हरमध्ये गाठी आल्या. "कागद खोटा होता का वं?" त्यानं विचारलं.

"कमी म्हटलं होतं. नाही नव्हतं म्हटलं."

तो भिंतीकडे वळला. त्यानंतर माझ्याशी फारसा बोलला नाही... तो गेल्यावर नेरहून कानावर आलं की आपलं पोरगं वाचलं, असं तिथे म्हणतात.

त्या १४ डिसेंबरला, दुकान रिकामं करताना, पल्लवी तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आत्या, उमरखेडचं स्थळ सांगून आलं. लग्न झाल्यावर तपासू."

"बापासारखीच बोलून राह्यली."

"निघालं तं कोण करन माह्यासंग?"

"नसन तं लस आहे. असन तं औषध आहे. माहीतच नसन तं बाप कसा गेला, ते पाह्यलं ना तू?"

"लई कडू बोलतं तू, आत्या."

तिनं दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पहिल्या एसटीनं यवतमाळला नेलं. लॅबमध्ये तिनं बाही वर केली, पुन्हा खाली ओढली, पुन्हा वर केली. सुई टोचेपर्यंत मी दारातून हलले नाही.