मी भरवलेलं लोखंड

त्या रविवारी दुपारी माझी बायको शालू खाटेवर उताणी पडली होती आणि मी शेजारी बसून आकडे मोजत होतो. मंगळवारी तिचा एमआरआय होता, अंगातलं लोह किती उतरलं ते बघायला. मशीनमध्ये श्वास रोखून धरावा लागतो, त्याचा सराव. पंधरापर्यंत जायचं. अकराला ती फिसकन हसली. “अहो, तुमचे पंधरा म्हणजे लोकांचे वीस! रेल्वेवाल्यांची लेट करायची सवय काही जात नाही.” मी म्हटलं, “बोलू नकोस, दम धर.” सोमवारी भाजी निवडता निवडता तिचं हृदय बंद पडलं...

दीड महिना झाला. मी सातवी शिकलेला, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. भुसावळहून लखनऊला आलो, इथलाच झालो. शालू लग्नापासून पांढरीफटक. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं मी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. अमीनाबादच्या बाजारातून लोखंडी कढई आणली, सगळ्या भाज्या तिच्यातच. रोज सकाळी गूळ आणि दुकानातून आणलेली लोहाची गोळी. ती माझ्यासमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायची. वर्षानुवर्षं. तिला थॅलेसेमिया होता, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, जन्मापासूनचा, पण सौम्य, म्हणून कळला नाही. त्यात शरीर आपणहूनच लोह ओढून साठवतं. साठीत रक्त तपासल्यावर कळला, मग पहिला एमआरआय झाला, डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. यकृत काळंकुट्ट. “जितना लोहा, उतना काला,” म्हणाले. हृदयातही थोडं साठलं होतं.

घरी येताना ऑटोत मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसलो. वृंदावन योजना वसाहतीच्या वळणावर तिनेच माझा हात ओढला. “काय तोंड पाडून बसलात? माझ्या आईनेसुद्धा एवढ्या मायेने खाऊ घातलं नव्हतं.”

“शालू, मी तुला विष घातलं.”

“घातलं तर घातलं. गिळलं मीच ना? आता लोह काढायची गोळी द्या. पण द्या तुम्हीच.”

दिली. दोन वर्षं दिली. पुरली नाही...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. स्वयंपाकघरात सून माझ्या नातीला, अकरा वर्षांच्या मिनूला, ताकदीसाठी लोहाची गोळी देत होती. मिनूही आजीसारखीच फिकी. मी सुनेच्या हातातून गोळी काढून घेतली, मिनूला म्हटलं, चप्पल घाल. दारात मुलगा आडवा आला. “बाबा, सूतक में कहाँ जा रहे हो?”

“सुतक आपल्याला आहे, हिच्या रक्ताला नाही. सरक.”

लॅबमध्ये सुई टोचताना मिनूने डोळे घट्ट मिटले. मी तिचा दुसरा हात धरला आणि तिथल्या माणसाला सांगितलं, “भैया, पहले थैलेसीमिया देखो. गोली बाद में.”