बंगल्यात 'होते' म्हणजे काय होते?

सेल्वम जुनं फर्निचर विकत घेतो. चेन्नईत एखादा जुना बंगला पाडायचा ठरला की त्याला फोन येतो, आणि त्याच्या टेम्पोत मी आणि मोहनराव हटकून असतो. मी बँकेतून रिटायर झालेला सातारकर, जात्याच चौकशीखोर. मोहनराव वेस्ट मांबलमचे तंजावर मराठी. सामान विकलं तरी जातं, किस्से मात्र साठतच जातात!

मोहनरावांचा शोध वेगळाच. "आमचे अज्जा असल्याच एका बंगल्यांत होते," ते सांगतात. 'होते' म्हणजे काय होते, हे घरात कुणी धड सांगत नाही. बहीण म्हणते, मॅनेजर. मोहनरावांना खरं काय ते कळायला हवंय, आणि कळायची धास्तीही आहे.

*

शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअरवाल्याला लांब हातांची आरामखुर्ची आवडली. लॅपटॉप ठेवायला मस्त, म्हणे.

"सार, त्या हातांवर साहेब पाय टाकायचे," सेल्वम म्हणाला. "मग नोकर बूट ओढून काढायचा."

त्या गिऱ्हाइकाची बायको शेजारीच होती. "खुर्ची घे. पण बुटांसाठी माझ्याकडे बघू नकोस!"

*

एका दिवाणखान्याच्या भिंतीत भोक होतं. पूर्वी त्यातून छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी व्हरांड्यात जायची, ओढणारा तिथं बसायचा. आता त्यातूनच एसीचा पाइप गेलाय, आणि बाहेरचं यंत्र गरम हवा फेकत असतं.

मोहनराव मुद्दाम त्या जागी जाऊन बसले. घामाघूम होऊन परत आले.

"अय्यो! बाहेरच्याला अजून उकाडाच!"

*

जाळीच्या कपाटाचं कुलूप दाखवत एक मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आजी रोज सकाळी हे उघडून नोकरांना साखर काढून द्यायची."

"आमच्याकडे ती भानगडच नव्हती," सेल्वम म्हणाला. "कुलूप नाही, साखरही नाही!"

बाईंनी विषय बदलला.

*

एका बंगल्याचं कॅफे झालंय. मागचा गोल लोखंडी जिना झाडूवाल्याने परस्पर न्हाणीघरात जावं म्हणून बांधलेला. आता तिथं फोटोसाठी रांग! आम्ही पायरीवर पाय ठेवला, तर वॉचमन धावत आला.

"सार, हा जिना फक्त गेस्टसाठी!"

*

गेल्या महिन्यात आम्ही एका बॅरिस्टरांच्या बंगल्यात गेलो. त्यांची मुलगी राजम्मा, नव्वदी ओलांडलेली, एका कामवालीबरोबर राहते. मोहनरावांनी सवयीने आजोबांचं नाव सांगितलं. व्यंकटराव.

राजम्मांनी चष्मा सारखा केला. "बटलर राव? तू त्यांचा नातू?"

मोहनरावांचा चेहरा पडला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"आईला पार्ट्यांतून सवड नव्हती. मला भरवायचे ते," राजम्मा म्हणाल्या. "या खोलीत ते कधी बसले नाहीत. तू बस."

मोहनराव कसेबसे खुर्चीच्या कडेला टेकले. कामवाली कॉफी करायला निघाली, तर तिला थांबवून राजम्मा स्वतःच काठी टेकत आत गेल्या.

"अम्मांनी जन्मात चूल पेटवली नाही," कामवाली घाबरून कुजबुजली.

बऱ्याच वेळाने कॉफी आली. फिल्टरला हात न लावता पूड थेट दुधात टाकलेली! वर काळा चोथा तरंगत होता. मी आणि सेल्वमने ओठ लावले आणि टंबलर खाली ठेवले.

मोहनरावांनी तळापर्यंत प्यायली. मिशीला चिकटलेली पूड पुसली, आणि रिकामा टंबलर पुढे केला.

"अम्मा, अजून थोडी मिळेल?"