कडुनिंब केवढ्याले देता?

बायकोची तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी माझं घर विकायला निघालं. मला कोणी विचारलं नाही. नळावरून बादली भरून परत आलो तर समोरच्या भिंतीवर टिनाची पाटी. ‘मकान बिकाऊ है’, खाली मोबाइल नंबर. मी चौथी शिकलो, पण एवढं वाचता येते.

पाटी कुठं ठोकली होती ते आधी सांगतो, कारण सारा झगडा त्याचाच आहे. आमच्या ओट्यावर बायको चाळीस वर्षं बिड्या वळत बसली. मांडीवर सूप, हातात कातर, पाठ भिंतीला. डोकं टेकायची तिथं खोबरेल तेलाचा डाग पडला होता, भाकरीएवढा. दर दिवाळीला मी त्यावर चुना मारायचो, अन् होळीच्या आत तो पुन्हा वर यायचा. त्यापायी मी तिला किती बोललो.

“भिंत खराब करून राहिली तू.”

“भिंत तुमच्या एकट्याची हाय का जी?” ती म्हणायची, अन् तिथंच टेकायची.

त्या डागाच्या मधोमध पाटीचा खिळा होता.

पक्कड आणली. पण भिंत मातीची, वरून चुन्याचा गिलावा. खिळा जरा हलवला तर डागाच्या कडेनं पोपडा फुगला. जोर लावला असता तर डाग खाली आला असता. मी पक्कड ठेवून दिली अन् कोणाला काही बोललो नाही.

आमचा मोहल्ला जुना, रेल्वे आली तेव्हाचा. कौलारू घरं, लाकडी खांबांचे ओटे, मधात एक कडुनिंब. पोरं नागपूर-रायपूरला गेली, म्हातारे उरले. म्हातारं मेलं की दलालाची पाटी येते. विजेच्या खांबावर, कडुनिंबावर, नळाच्या कठड्यावर, देवळाच्या मागच्या भिंतीवर, जागा दिसली की ठोकली. अन् दलाल कोण? याच मोहल्ल्यात नाक पुसत वाढलेला, आता कुडव्याला, नव्या वस्तीत, स्लॅबच्या घरात राहणारा. मी फोन लावला.

“माह्या भिंतीवर पाटी काऊन ठोकली?”

“काकाजी, मला वाटलं घर खाली झालं.”

“मी मेलो का?”

“तसं नाही जी. काकी गेल्या, म्हणून...”

“एक माणूस गेलं की घर खाली होते का रे?”

“राहू द्या ना लागून. विकाच असं थोडी म्हणतो मी.”

खरं सांगतो, ‘खाली’ हा शब्द मला लागला. खाली तर झालंच होतं. पण ते मी म्हणावं, त्यानं कायले म्हणावं?

मग गिऱ्हाइकं यायला लागली. मी कोणाला हाकललं नाही. पूर्ण घर दाखवायचो. “इथून नाग निघते. पण सभ्य आहे, पावसाळ्यातच निघते. हे सैपाकघर, इथं माझी बायको असते.” एक बाई म्हणाली, “कुठं आहेत त्या?” म्हटलं, “मागच्या महिन्यात मेली. चहा ठेवला की भांडी आपटते. थांबा, ठेवतो.” चहाला कोणी थांबलं नाही.

शेजारची बाई बायकोसोबत बिड्या वळायची. तिनं हे सारं आपल्या ओट्यावरून ऐकलं होतं. ती म्हणाली, “भाऊजी, पाटी कडुनिंबावर बी हाय. म्हणजे कडुनिंब विकून राहिला तो. घेऊन टाकू ना.” तिनं माझ्यासमोरच नंबर लावला, स्पीकरवर.

“भाऊ, कडुनिंब केवढ्याले देता?”

“कौन सा कडुनिंब?”

“तुमची पाटी लागली हाय त्याच्यावर, बिकाऊ है म्हणून. पाखरांसकट देता का पाखरं काढून?”

“बाई, ती घराची पाटी आहे.”

“मंग घरमालकाले पुसून घरावर लावा. झाडावर कायले लावली?”

झालं. मोहल्ल्याला काम मिळालं. कोपऱ्यावरच्या टेलरनं विजेचा खांब मागितला, तारेसकट. एका म्हातारीनं नळाचा भाव विचारला, पाणी येते त्या दिवसाचा अन् नाही येत त्या दिवसाचा वेगळा का म्हणून. कोणी देवळाची मागची भिंत मागितली, देव संग येते का ते पुसलं. चार दिवसांनी दलालानं फोन बंद केला. पाचव्या दिवशी साऱ्या पाट्यांवर नवा नंबर चिकटवला होता. आम्ही तो लिहून घेतला.

तेवढ्यात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. पळसाच्या फांद्यांची, तणसाची बाई करायची अन् सारी रोगराई तिच्यासंग वेशीबाहेर घालवायची. तिच्यासंग गेलेली चीज कोणी परत आणत नाही. टेलर म्हणाला, “खोकला जाते मारबतीसंग, तं पाट्या काऊन नाही जाणार?”

सकाळीच हातगाडी काढली अन् पाट्या उपटून भरल्या. पुढं मारबत, मागं पाट्यांची गाडी, अन् म्हाताऱ्यांचा गळा असा की मिलच्या भोंग्यानं लाजावं.

“खांसी-खोकला घेऊन जा गे मारबत!”

“दलालाच्या पाट्या घेऊन जा गे मारबत!”

नाल्यापलीकडे धानाच्या बांध्यांजवळ सारं टाकलं अन् हात झटकत परत आलो. माझ्या घरासमोर टेलर थांबला. भिंतीवर पाटी चमकून राहिली होती.

“काय गा, तुह्यी इथंच?”

शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भाऊजी, आमच्या वेशीवर धाडल्या अन् आपली ठेवली? विकता काय?”

सारा मोहल्ला उभा. मग सांगावंच लागलं. खिळा कुठं आहे, तो डाग कशाचा आहे. शेजारणीनं वाकून पाहिलं अन् पदर तोंडाला लावला.

टेलरनं आपल्या दुकानाकडे पाहिलं. “माह्या दुकानाची पाटी कुठं गेली?”

गाडी भरताना तीही गेली होती. ‘लेडीज कपडे शिवून मिळतील’, मारबतीच्या पायाशी. टेलर धावत निघाला तर त्याची बायको झाडू घेऊन दारात. “मारबतीसंग गेलेलं घरात आणाल, तं तुमीबी तिकडंच राहा!” टेलर रस्त्याच्या मधात उभा, ना इकडचा ना तिकडचा.

तेव्हाच दलाल गाडीवर आला, लाल होऊन. “माझ्या पाट्या कुठं आहेत?”

“नाल्यापलीकडे,” मी म्हणालो. “जा, आण. तुह्यी माय घरात घेते का पाह्य.”

त्यानं टेलरकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं. लहानपणी यानंच सगळ्यात मोठ्यानं ‘घेऊन जा गे मारबत’ केलं होतं. “काकाजी, तुम्ही लोक लय बदमाश आहात.”

“हाव. पण एक उरली हाय. ही घेऊन जा. डागाले धक्का लागला, तं मी तुले मारबतीसंग धाडतो.”

तो ओट्यावर चढला अन् डागाकडे पाहतच राहिला. त्याची माय मिलमध्ये धान वाळवायला जायची तेव्हा हा याच ओट्यावर, माझ्या बायकोच्या सुपाशेजारी झोपायचा. हळूच म्हणाला, “काकीचं डोकं इथं टेकायचं.” मग त्यानं टेलरला कैची मागितली. टेलर ओरडला, “कपड्याची कैची टिनाले? मेलो तरी देणार नाही!” शेवटी सायकलवाल्याकडून टिन कापायची कैची आली. दलालानं पाटी खालच्या कडेपासून खिळ्यापर्यंत कापली, नंबरच्या मधातून, अन् हलकेच वर सरकवून काढली. घाम गळून राहिला होता त्याचा. चुन्याचा कणही पडला नाही. पाटी काखेत मारून तो निघून गेला. आमच्या मोहल्ल्यात त्यानं अजून दुसरी ठोकली नाही.

खिळा मात्र आहे तिथंच आहे, तो काही निघत नाही. यंदा दिवाळीला चुना मारला, तेवढी जागा सोडून. सणाला आलेली सून म्हणाली, “बाबा, वंगाळ दिसते.” म्हटलं, दिसू दे.

काल दुपारी मी बायकोच्या जागेवर बसून पाहिलं. डोकं टेकलं तर खिळा टोचला. उठलो अन् बाजूला बसलो. तिच्या जागेवर मी बसलेलं तिलाही कधी खपलं नाही.